हलगीचा मान आणि हाताचा मोबदला

(मुखेड येथे वर्षावासातील पौर्णिमेस भरलेल्या वादक कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



या ठिकाणी उभे राहून धम्मावर प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. मी पोटासाठी वाजविणारा माणूस आहे. लहानपणी हलगी, पुढे ताशा आणि गेली कित्येक वर्षे बँडमध्ये क्लॅरिनेट, एवढेच माझे शिक्षण. परंतु आपल्या तालुक्यातील ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांतील पुष्कळ कुटुंबे माझ्यासारखीच वाजविणारी आहेत. त्यांतील एका तरुणाने मला विचारले, “मास्तर, दीक्षा तर घेतली. आता हलगीचे काय करायचे? विस्तवात घालावी काय?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी येथे उभा आहे.

माझा जन्म पूर्वाश्रमीच्या मातंग घरात झाला. माझे वडील गावचे हलगीवाले होते. पोळ्याला बैलांपुढे, लग्नात नवरदेवाच्या परण्यापुढे, जत्रेत पालखीपुढे आणि मयतीत तिरडीपुढे त्यांनीच वाजवावे, असा रिवाज होता. हलगीचे कातडे तापविल्याशिवाय ती बोलत नाही. ते तापविण्यासाठी लागणारा विस्तवसुद्धा वडिलांच्या पुढे लांबून टाकला जाई. पंगती उठल्यावर उरलेले अन्न आणि सुगीत खळ्यावरचे चार पसे धान्य, हा त्यांचा मोबदला. ज्या मंदिरापुढे त्यांनी सारा जन्म वाजविले, त्या मंदिराचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. आणि या सगळ्याला गावाने नाव काय दिले होते? “हा तुमचा मान आहे!”

बंधूंनो, हा ‘मान’ शब्द नीट तपासून पाहा. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही, ज्याचा दर आपणांस ठरविता येत नाही आणि जे एका विशिष्ट घरात जन्मलेल्यानेच केले पाहिजे, त्या कामाला मान म्हणावयाचे, तर वेठ कशाला म्हणावयाचे? परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच रोगावर. काम किती ते ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, वेतन ठरलेले नाही, आणि तरीही ते वंशपरंपरेने गळ्यात पडलेले आहे, ही गुलामगिरीच होय, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीस बंदी घातली.

तेव्हा माझे पहिले उत्तर असे की, हलगी विस्तवात घालू नका. तो मान विस्तवात घाला. लाकडाच्या वा लोखंडाच्या कड्याला आणि त्यावर ताणलेल्या कातड्याला जात नसते. जात त्या सक्तीत होती.

कोणी म्हणेल, धम्मात गाण्या-वाजविण्यास स्थान आहे काय? तथागतांचा एक शिष्य सोण. चंक्रमण करून त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी चित्त स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले की, वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर वाजते काय? सोण दोन्ही वेळा नाही म्हणाला. तसाच प्रयत्नही सम असावा, असा उपदेश तथागतांनी त्याला केला. मध्यम मार्ग समजावून सांगण्यासाठी ज्यांनी वाद्याचा दृष्टांत घेतला, ते वादकाला हीन कसे लेखतील? परंतु त्याच तथागतांकडे तालपुट नावाचा नटांचा नायक आला, तेव्हा त्यांनी त्याला स्पष्ट बजाविले की, जो आपल्या कलेने लोकांच्या मनातील लोभ, द्वेष आणि मोह वाढवितो, त्याचे भले होत नाही. भिक्खूंना आणि उपोसथाच्या दिवशी आठ शीले पाळणाऱ्यांना नृत्य-गीत-वाद्य वर्ज्य आहे, हे खरे. परंतु उपासकाने ज्या पाच व्यापारांतून दूर राहावे असे सांगितले आहे, ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे व्यापार होत. त्यांत वाद्य नाही. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हेही आपण विसरू नये.

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. नाशिकचे भीमराव कर्डक यांनी तमाशाचीच ढोलकी आणि तमाशाचेच तुणतुणे हाती घेतले, त्यातील गण-गवळण बाजूला सारली आणि आंबेडकरी जलसा उभा केला. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या झोपडीपर्यंत बाबासाहेबांचा विचार जलशाने नेला. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात राहिले. अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. आणि तिकडे तमिळ देशात पहा. तेथे ‘परै’ नावाचे, आपल्या हलगीच्या जातीचेच चर्मवाद्य आहे. त्यावरून एका समाजाला परैयर हे नाव पडले आणि तोच शब्द इंग्रजी भाषेत जाऊन ‘बहिष्कृत’ या अर्थाने रूढ झाला. तेथील तरुणांनी मयतीत सक्तीने परै वाजविण्याचे नाकारले आणि तेच वाद्य सभा-संमेलनांतून ताठ मानेने वाजविण्यास आरंभ केला.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. आम्ही दीक्षा घेतल्यानंतर पहिलाच पोळा आला. गावातील चार माणसे दारात आली व हलगी घेऊन चला म्हणाली. माझा थोरला भाऊ म्हणाला, “मालक, आम्ही वाजविण्याचा धंदा सोडलेला नाही, रिवाज सोडला आहे. आधी दर ठरवा, इसार द्या आणि आम्हांला जेवण पंगतीत द्या.” ते काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत आमचे दळण घेईनात, शेतात कामाला कोणी बोलावीना. असे चार महिने चालले. आईने मुखेडहून डोक्यावर पीठ आणले. परंतु “जा, वाजवून ये,” असे ती एकदाही म्हणाली नाही. आज सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. त्या वेळी आम्हांस आईच्या डोक्यावरच्या पिठाचाच आधार होता. पुढे लग्नसराईत त्याच चौघांपैकी एकाच्या घरचा मुलगा मुखेडला आमच्या पथकाकडे सुपारी घेऊन आला. दर ठरला, इसार मिळाला, कागद झाला. पंगतीत आम्ही बसलो तेव्हा दोन माणसे उठून गेली. बाकीची जेवत राहिली. ज्या रस्त्यावर वडिलांनी वाजविले, त्याच रस्त्यावर त्या दिवशी मी वाजविले. रस्ता तोच होता आणि सूरही फारसे निराळे नव्हते, परंतु मी निराळा होतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. गणपतीच्या वा जत्रेच्या मिरवणुकीची सुपारी घ्यावी काय? यावर आपल्यांत मतभेद आहेत आणि ते लपविण्यात अर्थ नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनुसार गौरी-गणपतीस आपण देव मानीत नाही व त्यांची उपासना करीत नाही. ज्याचे त्या सुपाऱ्यांवाचून भागते, त्याने त्या घेऊ नयेत, हेच उत्तम. परंतु ज्याच्या घरी चूल त्या पैशांवर पेटते, त्याला धम्मद्रोही म्हणण्याची घाई मी करणार नाही. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतेही गायिली आणि विठ्ठलाची गाणीही गायिली. त्यांचे भीमगीत ऐकताना आपल्यापैकी कोणी कान झाकून घेतले नाहीत. मी स्वतः एक मर्यादा पाळतो. ठरलेल्या दराने वाजवितो. आरतीस उभा राहात नाही. आणि “पालखीपुढे वाजविण्याचा मान तुमचा,” असे कोणी म्हणाले की त्या सुपारीचा इसार परत करतो.

आता आपल्याच घरातील दोष. गावकी गेली आणि तिच्या जागी उचल आली. चातुर्मासात लग्ने नसतात, हाताला काम नसते. मग वादक पथकाच्या मालकाकडून उचल घेतो आणि पुढचा सारा हंगाम मालक देईल त्या रोजावर फेडीत बसतो. फेड संपण्यापूर्वी पुन्हा आषाढ येतो. कर्जाच्या बदल्यात माणसाला असे बांधून ठेवण्यास १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु हिशेबाची वही ज्याच्या हाती नाही, त्याला कायदा सापडत नाही. काही मालक आपल्याच समाजाचे असतात, म्हणून ही गोष्ट क्षम्य ठरत नाही. प्रत्येक वादकाने आपली उचल, आपला रोज आणि झालेली फेड स्वतःच्या वहीत लिहावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याने ते शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. पाच-सहा जणांनी मिळून वाद्ये घ्यावीत आणि मिळकत समान वाटावी, हा मार्ग सर्वांत चांगला.

तसेच दारू. वरातीत बाटली पुढे करायची आणि शेवटी ठरलेल्या पैशांतून काटायचे, ही जुनी युक्ती आहे. प्रतिज्ञेने आपण दारू सोडली आहे. मोबदला पुरा घरी न्यावयाचा असेल तरीही ती सोडलीच पाहिजे. अंगावरून ओवाळून जमिनीवर फेकलेली नोट वाकून उचलू नये; बक्षीस द्यावयाचे असेल तर ते हातात द्यावे, असे सुपारी घेतानाच सांगावे. रात्री दहानंतर वाजविण्यास ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. त्या वेळी आग्रह करणारा घरी निघून जातो आणि वाद्य जप्त होते ते आपले. आणि लग्नसराई ही परीक्षांचीही वेळ असते. दिवे धरण्यासाठी वा खुळखुळा वाजविण्यासाठी मुलाला शाळेतून काढून नेणारा बाप, वडिलांच्या गळ्यातील जोखड मुलाच्या गळ्यात घालतो.

शेवटी एकच गोष्ट. १९५६ नंतर आपल्याआधी बौद्ध झालेल्या घरांनी गावकीची कामे टाकली, तेव्हा गावाने त्यांतील काही ओझी मातंग घरांवर ठेवली आणि दोन वस्त्यांत कटुता आली. उद्या आपण टाकलेले ओझे तिसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाऊ नये, याची काळजी आपण घेतली पाहिजे. याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांनी, मातंग असून, १९७८ साली नामांतराच्या लढ्यात प्राण दिला. त्या रक्ताने जोडलेली वस्ती एका सुपारीवरून तोडू नका.

हे वर्षावासाचे महिने आहेत. काम नाही म्हणून उचल मागण्यात ते घालवू नका. रियाज करा, मुलांना अक्षर व सूर दोन्ही शिकवा. येत्या १४ एप्रिलला मुखेडच्या रस्त्यावर आपली हलगी वाजली पाहिजे, आणि ती वाजविणाऱ्याच्या खिशात त्याच्या स्वतःच्या हिशेबाची वही असली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!