हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिकची पट्टी

सर्दी नुसतं पावसात भिजल्यानं होत नाही, ती विषाणूंमुळे होते. असे विषाणू २०० हून अधिक आहेत. सगळ्यांत जास्त आढळतो तो ऱ्हायनोव्हायरस. तो शिंकेतून पसरतो, तसाच हातांवरून नाकाडोळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून बाहेरून आल्यावर साबणानं २० सेकंद हात धुवा.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला की कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी बाहेर निघते. कृपा करून असं करू नका. रंग बदलतो तो शरीर विषाणूशी झुंजतंय म्हणून, आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. साधी सर्दी बहुतेक वेळा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. विश्रांती घ्या, कोमट पाणी प्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. खोकल्याला चमचाभर मध चांगला. पण १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. आणि वाफेसाठी उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांपुढे ठेवूच नका. चादरीखाली जरासा धक्का लागतो, पाणी थेट मांडीवर सांडतं आणि मूल भाजतं.

धाप लागली, श्वास घेताना बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर मात्र घरगुती उपचारांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा.