रक्ताचे दान, रक्ताचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



समाजवादी विचाराच्या माणसाला ‘दान’ हा शब्द फारसा रुचत नाही, आणि त्याला कारणही आहे. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली, ही दानाची रूढ मांडणी. मजुरांची मजुरी बुडवून धर्मशाळा बांधणाऱ्यांच्या संगमरवरी पाट्या गावोगाव आढळतात. म्हणून चळवळीने दानाची भाषा टाकून हक्काची भाषा स्वीकारली, ते योग्यच झाले. परंतु हक्कांची व्यवस्था कितीही पक्की झाली, तरी समाजाला अशा काही गोष्टी लागतातच की ज्या कायद्याने वसूल करता येत नाहीत. रक्त ही त्यांतली एक. ते कारखान्यात तयार होत नाही, करासारखे आकारता येत नाही. कुणीतरी बाही वर सारून ते द्यावेच लागते. आणि हे देणे चमत्कारिक आहे. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो. त्याचे आभार कानी पडत नाहीत. पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते.

या देण्याचा विचार रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने मोठ्या चिकाटीने केला. विद्यापीठाची पदवी नसलेला, विमा कंपनीच्या कचेरीत वर्षानुवर्षे नोकरी केलेला हा गृहस्थ १९५० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात त्याने ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना केली. ब्रिटनमध्ये रक्त विनामूल्य दिले जाई आणि रुग्णालाही विनामूल्य मिळे. अमेरिकेत पुष्कळसे रक्त विकत घेतलेले असे. विकणारे कोण? बेकार, दारूच्या आहारी गेलेले, शहरांच्या दरिद्री वस्त्यांतले लोक आणि तुरुंगातले कैदी. ज्याला आजच्या जेवणाची भ्रांत आहे तो आपला आजार सांगत नाही, लपवतो. आणि मग यकृताला सूज आणणारा तो आजार रक्ताबरोबर रुग्णाच्या शरीरात जातो. बाजारातून आलेले रक्त अधिक धोक्याचे, अधिक महाग आणि अधिक वाया जाणारे असते, शिवाय ते गरिबाकडून श्रीमंताकडे वाहते, असा टिटमसचा निष्कर्ष होता.

केनेथ ॲरो या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यावर आक्षेप घेतला. कुणाला विकण्याची मुभा दिली म्हणून दुसऱ्याची देण्याची मुभा कशी जाते, असा त्यांचा सवाल होता. सवाल तर्कशुद्ध आहे, पण माणूस केवळ तर्काने वागत नाही. स्वीडनमधील गोटेबर्ग येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नवे रक्तदाते होण्यासाठी पैसे देऊ केले, तेव्हा स्त्रियांची तयारी वाढण्याऐवजी लक्षणीयरीत्या घटली. तेच पैसे धर्मादाय कामाला देण्याची सोय ठेवली, तेव्हा ती घट नाहीशी झाली. पुरुषांत असा फरक दिसला नाही. भेटवस्तूंनी दाते वाढतात असे सांगणारे अभ्यासही आहेत. तेव्हा टिटमसचा शब्द अखेरचा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेने मात्र त्यातून बोध घेतला. रक्त विकतचे की स्वेच्छेने दिलेले, हे पिशवीवर छापणे १९७८ पासून तेथे सक्तीचे झाले.

ज्या ब्रिटनचे त्याने कौतुक केले, त्याची पुढची कथा अधिक बोलकी आहे. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे, रक्तद्रवापासून बनवलेले औषध देशातच पुरेसे तयार करू, असे आश्वासन १९७५ साली सरकारने दिले. ते पाळले गेले नाही. औषध अमेरिकेतून येत राहिले, आणि ते बनत होते पैसे देऊन गोळा केलेल्या, कैद्यांच्याही, रक्तद्रवापासून. हजारो दात्यांचा द्रव एकत्र केल्यामुळे एका दूषित दात्याचा संसर्ग सबंध साठ्यात पसरे. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालानुसार दूषित रक्त व रक्तघटकांमुळे ३० हजारांहून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि सुमारे तीन हजार मृत्युमुखी पडले. नागरिक निःस्वार्थीपणे देत होते. सरकारने काटकसर केली ती दुसऱ्या देशातल्या बाजारावर विसंबून.

आपल्याकडे व्यावसायिक रक्तविक्री बंद व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो १९९६ चा; १ जानेवारी १९९८ पासून बंदी अमलात आली. तोपर्यंत रुग्णालयाच्या फाटकाबाहेर हातगाडीवाला, हमाल, व्यसनी पोरगा रांगेत उभा असे. बंदी आली, पण गरज तशीच राहिली, आणि ती नातेवाइकांच्या गळ्यात पडली. ‘बदली रक्त आणा’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला त्याची जरब ठाऊक असेल. शहरात चार ओळखी असलेला माणूस फोन करतो आणि तासाभरात सोय होते. दूरच्या तालुक्यातून बाळंतिणीला घेऊन आलेल्या शेतमजुराने कुणाला फोन करायचा? त्याच्यासाठी फाटकाबाहेर दलाल उभा असतो. २००८ साली गोरखपूरला रक्त काढण्यासाठी गरीब माणसे कोंडून ठेवल्याचे उघडकीस आले, ते याच तुटवड्याच्या धंद्यातून. बदलीच्या या पद्धतीला दान म्हणणे ही भाषेची चेष्टा आहे.

मुंबईत लीला मूळगावकर यांनी पन्नाशीच्या दशकापासून स्वेच्छा रक्तदानासाठी आयुष्य वेचले. रक्तसंकलनात महाराष्ट्र आघाडीवर राहत आला आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती या निमित्तांनी हजारो तरुण रक्त देतात. ११ जुलै २००६ च्या स्फोटांनंतर रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसे धावली, जखमींना चादरींत घालून नेले, आणि रुग्णालयांबाहेर दात्यांच्या रांगा लागल्या. कुणी बोलावले नव्हते. औदार्याची उणीव या समाजात नाही.

उणीव आहे ती वेळेच्या हिशेबाची. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. पुढाऱ्याच्या वाढदिवशी एका दिवसात शेकडो पिशव्या भरतात आणि फलकावर छायाचित्र झळकते. मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावी, आणि रक्तपेढ्या ओस. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, त्याचे शरीर कुणाच्या जन्मतारखेची वाट पाहत नाही. बॅगा, हेल्मेटे, डबे वाटून दाते जमवण्याची चढाओढ तर उघड्या बाजाराच्या उंबरठ्यावरच उभी आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी शिबिरांत सहसा कुणी बोलत नाही. द्यायला आलेल्या अनेक स्त्रियांना परत पाठवले जाते. दात्याच्या रक्तात हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम हवे, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. जिच्या ताटात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पडते, तिची इच्छा असूनही तिला देता येत नाही. औदार्य हा केवळ मनाचा गुण नाही, त्याला पोटाचाही आधार लागतो. अशा वेळी मेजावरचा डॉक्टर ‘अशक्तपणा आहे’ एवढे सांगून पुढचा दाता बोलावतो. त्या बाईचे नाव, तिचा आकडा आणि तिच्या रेशनकार्डाची स्थिती यांची नोंद ठेवण्याचे काम शाखेने अंगावर घ्यायला हरकत नाही. मे महिन्याच्या शिबिराची तारीख ठरवताना त्या वहीची दोन पानेही आखून घ्यावीत.