निरोप कोणत्या वाटेनें धाडावा?

निरोपाचा विचार करतांना मनुष्य बहुधा दोनच गोष्टींकडे लक्ष देतो : काय सांगावयाचें आणि कोणास सांगावयाचें. तो कोणाच्या हातीं द्यावयाचा, हा तिसरा प्रश्न त्याला किरकोळ वाटतो. राज्य चालविणाऱ्यांस मात्र तो कधींच किरकोळ वाटला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दूतांचे तीन वर्ग सांगितले आहेत. ज्याला वाटाघाटीचे पूर्ण अधिकार दिलेले असतात तो निसृष्टार्थ. ज्याला ठरावीक कामापुरताच अधिकार असतो तो परिमितार्थ. आणि जो केवळ लिहिलेलें पत्र नेऊन पोंचवितो तो शासनहर. जसें काम, तसा दूत. पेशवाईच्या पत्रव्यवहारांत जासुदांच्या जोडीचा उल्लेख वारंवार येतो. वाटेंत एकावर प्रसंग ओढवला तरी दुसऱ्यानें पुढें जावें, हा जोडीचा उघड फायदा होता.

टपाल आणि तार आल्यावर ही निवड सामान्य माणसाच्या हातीं आली. भारतांत तार 1855 सालीं सर्व लोकांस खुली झाली आणि 14 जुलै 2013 हा तिचा अखेरचा दिवस ठरला. या दीडशेंहून अधिक वर्षांत घरोघरीं एक अलिखित संकेत रूढ झाला होता. खुशालीचें वर्तमान कार्डावर, खासगी गोष्ट पाकिटांत आणि ज्याला क्षणाचाहि विलंब चालणार नाहीं तें तारेनें. त्यामुळें दारांत तारवाला दिसला कीं तार फोडण्यापूर्वींच घरांतील माणसांचे चेहरे उतरत. मजकूर अद्याप कोणीं वाचलेला नसे. परंतु निरोप कोणत्या वाटेनें आला, एवढ्यावरूनच त्याचें अर्धें वर्तमान कळत असे.

आज वाटा पुष्कळ झाल्या आहेत. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल धाडण्याचा प्रयोग 1971 सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं केला. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजीं इंग्लंडमध्यें पाठविला गेला आणि त्यांत नाताळच्या शुभेच्छा होत्या. 2009 सालीं व्हॉट्सॲप निघालें. यांशिवाय निरनिराळ्या ॲपांच्या सूचना आहेत आणि आपोआप लागणारा ध्वनिमुद्रित फोनहि आहे. एकाच मनुष्यापर्यंत जाण्यास पांच-सहा वाटा, आणि निरोप धाडणारी बँक, रेल्वे, रुग्णालय किंवा नगरपालिका यांना दररोज हजारों किंवा लाखों माणसांस कांहीं ना कांहीं कळवावयाचें असतें. प्रत्येकासाठीं योग्य वाट कोणती, हें ठरविण्यास कारकून बसविणें शक्य नाहीं. म्हणून हें काम आतां यंत्राकडे सोंपविलें जात आहे.

यंत्र हें काम कसें करतें, तें समजण्यास कठीण नाहीं. त्याचा सर्वांत साधा प्रकार शिडीसारखा असतो. पहिल्या पायरीवर एक वाट ठरलेली असते. तिनें निरोप धाडला कीं यंत्र पोंच येण्याची वाट पाहतें. ठराविक वेळांत पोंच आली नाहीं, तर दुसरी पायरी, आणि तीहि फसली तर तिसरी. ॲपलच्या आयफोनवर 2011 पासून हा प्रकार अनेकांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. समोरच्याकडेहि त्याच कंपनीचा फोन असेल तर संदेश इंटरनेटच्या वाटेनें जातो आणि निळ्या रंगांत दिसतो. तसें जमलें नाहीं, तर तोच मजकूर साध्या एसएमएसनें धाडण्याची सोय आहे, आणि मग रंग हिरवा होतो. लिहिणाऱ्याला कांहींच करावें लागत नाहीं.

या शिडींत एकच गोष्ट अवघड आहे, ती म्हणजे किती वेळ थांबावें. एसएमएसची रचनाच अशी आहे कीं, फोन बंद असला तर निरोप मधल्या केंद्रांत राखून ठेवला जातो आणि फोन चालू झाल्यावर पुढें जातो. म्हणजे पोंच न येणें याचा अर्थ निरोप हरवला असा होत नाहीं. यंत्रानें उतावीळपणा केला तर एकच निरोप दोनदां पोंचतो आणि घेणारा गोंधळतो. यंत्र फार थांबलें, तर बँकेचा जो ओटीपी कांहीं मिनिटांतच निरुपयोगी होतो, तो त्या मुदतीनंतर हातीं पडतो.

याहून पुढची पायरी म्हणजे अनुभवावरून शिकणारें यंत्र. कोणत्या मनुष्यानें कोणत्या वाटेनें आलेला निरोप उघडला, किती वाजतां उघडला, याची नोंद तें ठेवतें. एखादा व्यापारी माल धाडतांना बहुतेक वेळां भरंवशाच्या गाडीवाल्यालाच बोलावतो, परंतु मधूनमधून नव्या गाडीवाल्यालाहि एखादी खेप देऊन पाहतो; नाहींतर चांगला गाडीवाला शेजारीं असूनहि त्याला कधीं कळावयाचें नाहीं. शिकणारें यंत्र नेमकें हेंच करतें. बहुतेक निरोप तें आजवर यशस्वी ठरलेल्या वाटेनें धाडतें आणि थोडे निरोप दुसऱ्या वाटांनीं धाडून त्यांची परीक्षा घेतें.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु परीक्षा घेणाऱ्यानें गुण कशाला द्यावयाचे, हें यंत्र स्वतः ठरवीत नाहीं. तें त्याच्या मालकानें ठरविलेलें असतें. आणि मालक बहुधा खर्च मोजतो. या मोजणीचा मराठी माणसाशीं निकटचा संबंध आहे. एका एसएमएसमध्यें 1120 बिटांची जागा असते. इंग्रजी अक्षरास 7 बिट पुरतात, म्हणून इंग्रजी मजकुराचीं 160 अक्षरें एका संदेशांत मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 16 बिट लागतात, म्हणून मराठीचीं 70 चिन्हेंच मावतात. त्यांतहि काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण हीं सारीं स्वतंत्र चिन्हें मोजलीं जातात. 'विद्यार्थी' हा शब्द उच्चारांत तीन अक्षरांचा. परंतु एसएमएसच्या हिशोबीं तीं दहा चिन्हें होतात. परिणाम असा कीं, जो निरोप इंग्रजींत एका संदेशांत आटोपतो, तोच मराठींत दोन किंवा तीन संदेशांचे पैसे खातो. केवळ खर्चाकडे पाहणारें यंत्र शेतकऱ्याला पीकविम्याची मुदत इंग्रजींत किंवा रोमन लिपींतील तुटक मराठींत कळवील, आणि आपल्या वहींत 'निरोप पोंचला' अशी नोंद करील. तो पोंचला हें खरेंच. परंतु कळला कीं नाहीं, याचें खातें त्या वहींत नसतें.

खर्चाऐवजीं निरोप उघडला जाणें हीच कसोटी धरली, तरी प्रश्न सुटत नाहीं. व्हॉट्सॲपनें 2014 सालीं, निरोप वाचला गेल्याची खूण म्हणून, दोन निळ्या रेघा आणल्या. त्या खुणेवरून फोनवर निरोप उघडला गेला एवढेंच कळतें. तो कोणीं उघडला, हें कळत नाहीं. समजा, एका खेड्यांतील वृद्ध बाईच्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. तिच्याजवळ स्वतःचा फोन नाहीं, म्हणून रुग्णालयाच्या कागदावर पुण्यास नोकरी करणाऱ्या नातवाचा क्रमांक लिहिलेला आहे. शस्त्रक्रियेचा दिवस एक दिवस अलीकडे आला. यंत्रानें सर्व नोंदी चाळल्या, या क्रमांकावर रात्रीं उशिरां आलेले निरोप तत्काळ उघडले जातात असें त्याला दिसलें, आणि त्यानें त्याच वेळेला व्हॉट्सॲपवर निरोप धाडला. नातवानें तो उघडला, सकाळीं आजीला कळवूं असें म्हणून झोपला, आणि सकाळीं कामाच्या गर्दींत विसरला. यंत्राच्या लेखीं याहून उत्तम निवड होणें शक्य नव्हतें. रुग्णालयांतील खाट मात्र रिकामी राहिली आणि आजी दुसऱ्या दिवशीं ठरल्या वेळीं बसमधून उतरली. तिच्या शेजारणीच्या फोनवर साधा मराठी फोन लावणें हीच येथें योग्य वाट होती. परंतु ती वाट कोणीं विचारलीच नव्हती.

एका फोनवर सारें घर चालतें, अशीं कुटुंबें अद्याप पुष्कळ आहेत. तेथें घरांतील स्त्रीच्या आजाराचा निकाल कोणाच्या डोळ्यांसमोर आधीं येईल, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाहीं. तो तिच्या अब्रूचा आणि कधीं कधीं तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो. शिवाय क्रमांक म्हणजे मनुष्य नव्हे. भारतांत बंद पडलेला मोबाईल क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊं शकतो. जुनी नोंद बदलली नाहीं, तर एकाचा निरोप बिनचूक पोंचतो, पण दुसऱ्याच्या घरीं.

कांहीं निरोपांच्या बाबतींत तर निवड करणें हीच चूक होय. वादळ येत असतां कोणत्या कोळ्याला कोणती वाट आवडते, हें शोधीत बसण्यास सवड नसते. सेल ब्रॉडकास्ट या पद्धतींत क्रमांकांची यादीच लागत नाहीं. ठराविक मनोऱ्यांच्या टापूंत जितके फोन चालू असतील तितक्या सर्वांवर इशारा एकदम उमटतो. भारतांत 2023 सालीं या इशाऱ्यांच्या चांचण्या झाल्या, तेव्हां अनेकांचे फोन अचानक मोठ्यानें वाजूं लागले होते. परंतु मनोरेच कोसळले तर? 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां पुष्कळ गांवांतील वीज गेली आणि फोनहि मुके झाले. अशा वेळीं दवंडी, देवळावरील कर्णा, सेलवर चालणारा रेडिओ आणि घरोघर जाणारा मनुष्य याच वाटा उरतात. ज्या शिडीची प्रत्येक पायरी एकाच मनोऱ्यावर टेकलेली आहे, तिला कितीहि पायऱ्या असल्या तरी ती एकाच पायरीची शिडी होय.

तेव्हां वाट निवडण्याचें काम यंत्राला देऊं नये काय? तसें म्हणणें अव्यवहार्य होईल. लाखों निरोपांपैकीं बहुतेक साधे असतात, आणि ते यंत्र माणसापेक्षां नेटकेपणानें धाडतें. प्रश्न आहे तो त्याला कोणत्या अटी घालाव्या याचा. पहिली अट ही कीं, घेणाऱ्याला एकदां तरी विचारावें : निरोप कोणत्या भाषेंत, कोणत्या वाटेनें, कोणत्या वेळीं आणि कोणाच्या नांवें हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 सालच्या नियमांत, जाहिरातींचे विषय, मार्ग, वेळ आणि दिवस यांविषयीं ग्राहकास पसंती नोंदवितां यावी अशी तरतूद आहे. जाहिरातींसाठीं जें मान्य झालें, तें शस्त्रक्रियेच्या तारखेसाठीं मान्य करण्यास अडचण नसावी.

दुसरी अट अशी कीं, निरोपाची प्रतवारी त्याच्या खर्चावरून न करतां, तो न पोंचल्यास काय बुडेल यावरून करावी. सवलतीची जाहिरात हरवली तर कोणाचें कांहीं जात नाहीं. तेथें स्वस्त वाट पुरे. मुदत, औषध, परीक्षा किंवा धोका यांचा निरोप असेल, तर पोंच पुरेशी मानूं नये, उत्तर मागावें. 'येतें' किंवा 'येत नाहीं' एवढें एका शब्दाचें उत्तर पुरतें. तिसरी अट ही कीं, उत्तर आलें नाहीं तर शिडीच्या शेवटच्या पायरीवर मनुष्य असावा, आणि त्याला नुसता क्रमांक न देतां, हा निरोप कोठें अडला याची हकीकत द्यावी. आशा कार्यकर्ती, तलाठी, शाळेंतील शिक्षक, शेजारीण, अशी माणसें प्रत्येक गांवांत आहेत. त्यांची वाट यंत्राच्या यादींत लिहिलेली नसते, एवढेंच.

कौटिल्यानें दूतांचे जे तीन वर्ग केले, ते अधिकारावरून केले होते. कालपर्यंत यंत्र शासनहर होतें. दिलेलें पत्र तें नेऊन टाकीत असे. आज वाट निवडण्यापुरता अधिकार त्याला मिळाला आहे आणि तें परिमितार्थ झालें आहे. त्या मर्यादेंत तें चांगली चाकरी बजावील. परंतु ज्या निरोपावर कोणाची दृष्टि, कोणाची शेतीची मुदत किंवा कोणाचा जीव अवलंबून आहे, तो खरोखर कळला कीं नाहीं, याची जबाबदारी धाडणाऱ्याची आहे. ती वाटेवर टाकतां येत नाहीं, आणि वाट निवडणाऱ्या यंत्रावरहि टाकतां येत नाहीं.