पैसा बुडाल्यानंतर

पैसा कसा मिळवावा, कोठे गुंतवावा आणि कोणापासून राखावा, यावर सल्ला देणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु तो एकदा बुडाला म्हणजे माणसाने काय करावे, हे सांगणारा सहसा कोणी भेटत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. आज मात्र मला गणित चुकल्यानंतर माणसाचे मन कसे चालते, यावर चार शब्द बोलावयाचे आहेत. हे बोलण्याचा अधिकार मला शहाणपणामुळे आला, असे मी म्हणणार नाही. पैसा बुडालेल्या एका स्नेह्याशी मी चुकीचा वागलो आणि ती चूक अजून मनात सलते, म्हणून हा विषय मी निवडला आहे.

आमच्या बेळगावात भिशी कोणास ठाऊक नाही? दहावीस जणी दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि चिठ्ठी उचलतात. भिशीतही कधी पैसा बुडतो. परंतु ती चालविणारी बाई त्याच गल्लीत राहते, तिचे दार ठोठावता येते. आभासी चलनाच्या व्यवहारात पुष्कळदा ठोठावायला दारच नसते. या चलनांतले पहिले बिटकॉइन. ते २००९ साली सुरू झाले. त्याच्या व्यवहारांची वही उघडी असते, तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, आणि अंकाक्षरांची एक लांबलचक गुप्त किल्ली ज्याच्याजवळ असेल त्याच्याच हाती नाणे असते. ही रचना मुळात लबाडीची आहे, असे म्हणता येणार नाही. पण ती सामान्य माणसास नीट उमगत नाही, आणि जे उमगत नाही ते समजावून सांगणाऱ्यावर त्याला विश्वास टाकावा लागतो. लबाडाला तेवढी फट पुरते.

पुण्याकडील पुष्कळांना गेनबिटकॉइन हे नाव आठवत असेल. आपले बिटकॉइन आमच्या स्वाधीन करा, दरमहा शेकडा दहा याप्रमाणे अठरा महिने परतावा देऊ, असे त्या योजनेचे आश्वासन होते. अठरा दाहे एकशे ऐंशी. म्हणजे शंभराचे दीड वर्षात एकशे ऐंशी! हा गुणाकार सातवीतला मुलगाही करील. हे ऐंशी कोणाच्या खिशातून येणार, हा प्रश्न मात्र मोठ्यांनाही सुचला नाही. पुढे २०१७ साली परतावा बिटकॉइनमध्ये मिळेनासा झाला आणि त्याऐवजी एमकॅप नावाचे दुसरेच नाणे लोकांच्या खात्यांत दिसू लागले. त्याला बाजारात भाव असा राहिला नाही. योजनेचे प्रवर्तक अमित भारद्वाज यांना २०१८ साली पुणे पोलिसांनी अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, २०२२ च्या जानेवारीत, त्यांचे निधन झाले.

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटतो तो क्षण, ज्या क्षणी सोन्याऐवजी पितळ हातावर ठेवले गेले आणि तरीही कित्येकांनी ते घेऊन वाट पाहिली. असे का व्हावे? हे नाणे खोटे आहे असे म्हटले, की आपले पैसे गेले असेही त्याच श्वासात म्हणावे लागते. जोवर आपण ते म्हणत नाही, तोवर पैसे कोठेतरी आहेतच, अशी मनाची समजूत असते. घरात कोणाला असाध्य दुखणे झाले म्हणजे आपण एका वैद्याकडून दुसऱ्याकडे जातो, तसाच हा प्रकार आहे. पैसा बुडालेल्या माणसाच्या मनात राग फार उशिरा येतो. आरंभी येते ती आशा, आणि ती फार चिवट असते.

या आशेला एक जुळी बहीण आहे. तिचे नाव भीड. वनकॉइन नावाच्या नाण्याची कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. रुजा इग्नातोवा या बाईंनी २०१४ साली बल्गेरियातून ते सुरू केले. त्यामागे बिटकॉइनसारखी खरी उघडी वही नव्हतीच. २०१६ साली लंडनच्या वेम्बली येथील भव्य सभागृहात त्यांचा जयजयकार झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत याच नाण्याच्या प्रचाराची सभा चालू असता पोलिसांनी अठरा जणांना धरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाई सोफियाहून विमानाने अथेन्सला गेल्या आणि तेव्हापासून बेपत्ता आहेत. अमेरिकेच्या तपासखात्याने २०२२ साली त्यांचे नाव आपल्या दहा प्रमुख फरारी आरोपींच्या यादीत घातले. चार अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची ही फसवणूक असल्याचे तेथील सरकारी वकिलांचे म्हणणे आहे. आणि तरीही, मालकीणबाई नाहीशा झाल्यानंतर दोन वर्षे त्या नाण्याचे समारंभ होत राहिले!

ऐकणारा म्हणेल, काय हा भोळेपणा! पण अशा योजनेत माणूस एकटा शिरत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याला मेहुण्याने आणलेले असते, आणि त्याने स्वतः शेजाऱ्याला व चुलतभावाला आणलेले असते. नव्या माणसामागे त्याला थोडी दलालीही मिळालेली असते. आता योजना खोटी होती असे त्याने कबूल केले, तर चुलतभावाच्या दारी कोणत्या तोंडाने जावे? म्हणून तो त्या योजनेचा वकील बनतो. वर्तमानपत्रे विकली गेली आहेत, बँकांना आमचा मत्सर वाटतो, असे तो सांगू लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास तो लबाडाचा साथीदार वाटतो. पुष्कळदा तो केवळ आपले नातेगोते सांभाळीत असतो.

आशा अखेर तुटते. मग संशय येतो, आणि तो कोठवर जातो याचे एक उदाहरण आपल्याच देशातल्या जयपूर शहराशी जोडलेले आहे. कॅनडात क्वाड्रिगा नावाची आभासी चलनाची एक पेढी होती. तिचा तरुण चालक जेराल्ड कॉटन हा पत्नीसह हिंदुस्थानात आला असता ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरच्या रुग्णालयात आतड्याच्या जुन्या विकाराने वारला. वय अवघे तीस. ही वार्ता पेढीने महिनाभराने जाहीर केली, आणि पाठोपाठ असे सांगण्यात आले की ठेवींच्या गुप्त किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या. मृत्यूच्या बाराच दिवस आधी त्याने मृत्युपत्र केले होते, हेही बाहेर आले. जयपूरच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या आडनावातले एक अक्षर चुकलेले होते. झाले! माणूस मेलाच नाही, तो पैसे घेऊन कोठेतरी दडला आहे, असे शेकडो तोंडांनी बोलले जाऊ लागले. २०१९ च्या डिसेंबरात तर ग्राहकांच्या वकिलांनी, पुरलेले प्रेत उकरून त्याची ओळख पटवावी, अशी लेखी मागणी कॅनडाच्या पोलिसांकडे केली.

हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि वाईटही वाटले. दाखल्यावर नाव चुकणे ही आपल्याकडे काय नवलाची गोष्ट? माझे ख्रिस्ती आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि मतदारयादीत तिसरेच आहे. म्हणून मी तीन माणसे ठरत नाही. परंतु ज्याचे सर्वस्व गेले, त्याला त्या एका अक्षरात सारे रहस्य दिसते. मेलेल्या माणसाकडून पैसे परत मिळत नाहीत, जिवंत चोराकडून मिळू शकतात. म्हणून चोर जिवंत असावा, अशी त्याची तळमळ असते. हाही आशेचाच एक अवतार.

सत्य याहून साधे निघाले. ज्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या हरवल्या म्हणून एवढा आकांत झाला, त्या तिजोऱ्या २०१८ च्या एप्रिलपासून जवळजवळ रिकाम्याच होत्या, असे हिशेबनिसांस आढळले. ओंटारिओ प्रांताच्या रोखे आयोगाने २०२० साली अहवाल दिला, की कॉटनने खोट्या नावांची खाती उघडून ग्राहकांच्या पैशांवर सट्टा केला आणि नव्यांच्या ठेवींतून जुन्यांची मागणी भागविली. शहात्तर हजार ग्राहकांचे सुमारे साडेएकवीस कोटी कॅनडियन डॉलर देणे होते. न्यायालयामार्फत उरलेसुरले गोळा केले गेले आणि ज्यांनी रीतसर दावे लावले होते, त्यांना २०२३ साली डॉलरमागे सुमारे तेरा सेंट मिळाले. रुपयात तेरा पैसे! ते अगदी थोडे, हे खरे. पण ते मिळाले ते कागद सांभाळून दावा लावणाऱ्यांना. जे लाजेने वा कंटाळून घरी बसले, त्यांना तेही मिळाले नाहीत.

आता माझ्या स्नेह्याविषयी सांगतो. आमच्या शाळेत एक चित्रकलेचे शिक्षक होते, वयाने माझ्याहून वडील. आम्ही सारे त्यांना सर म्हणत असू. निवृत्तीस दोनतीन वर्षे उरली असता त्यांनी अशाच एका योजनेत चार लाख रुपये घातले. खात्यावर आकडा रोज वाढताना दिसे. काढावयास गेले तेव्हा तो निघेना. महिनाभर ते कोणाशी बोलले नाहीत. एके दिवशी शाळा सुटल्यावर, शिक्षकांच्या खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून, त्यांनी मला ते सांगितले. आणि मी काय म्हणावे? मी हसून म्हणालो, “अहो सर, आधी गणिताच्या मास्तराला तरी विचारायचे!”

तेही हसले. छत्री घेऊन निघून गेले. त्यानंतर तो विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही.

पुढले मला सहा महिन्यांनी कळले. एक अनोळखी गृहस्थ त्यांना फोन करू लागला होता. तुमची रक्कम अडकली आहे, ती सोडवून देतो, फक्त आधी शुल्क आणि कर भरा, असे तो सांगे. सरांचे नाव, रक्कम, तारीख सारे त्याला ठाऊक होते. म्हणून सरांना तो खरा वाटला. फसलेल्या लोकांच्या याद्या अशा टोळ्यांत विकल्या जातात, हे त्यांना कोण सांगणार? सांगू शकणाऱ्या माणसाने तर त्यांची थट्टा केली होती. सरांनी पतसंस्थेतून गुपचूप कर्ज काढून साठ हजार रुपये त्याच्या खात्यावर भरले. कर्जाच्या हप्त्याची चिठ्ठी घरी आली, तेव्हा वहिनींना सारे समजले. त्या ओरडल्या नाहीत. “चार लाख गेल्याचे आधी सांगितले असते, तर हे साठ हजार तरी राहिले असते,” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सरांची वही घेऊन त्या त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. चित्रकाराच्या सुबक अक्षरांत सरांनी प्रत्येक रक्कम, तारीख आणि खात्याचा क्रमांक लिहून ठेवला होता. तक्रार नोंदली गेली. पैसे अद्याप आलेले नाहीत.

श्रोतेहो, पहिली चोरी चोराच्या कौशल्याने झाली. दुसरीला मात्र माझ्या त्या हसण्याचाही हातभार लागला, असे मला वाटते. पैसा बुडालेला माणूस प्रथम ज्याच्यापाशी तोंड उघडतो, त्याच्यावर मोठी जबाबदारी येऊन पडते. ‘मी सांगितले नव्हते का?’ हे वाक्य त्या वेळी गिळावे. त्याने किती गमावले याची चौकशी मागाहून करावी. आधी एवढेच विचारावे की आता आणखी कोणी पैसे मागत आहे काय? मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नये. पैसे परत मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणारा हा बहुधा दुसरा चोर असतो. सरकारी तपासखाते असे शुल्क मागत नाही.

मग कागद गोळा करावेत: बँकेचे उतारे, आलेले संदेश, खात्याची चित्रे, ज्याने योजनेत आणले त्याचे नाव. ते पुसून टाकण्याचा मोह होतो, कारण ते पाहणे सोसवत नाही. परंतु पुरावा तोच असतो. १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार देशात कोठूनही देता येते. ती जितकी लवकर द्यावी, तितका पैसा वाटेतच अडविला जाण्याचा संभव अधिक. आणि पुढे धीर हवा. गेनबिटकॉइनच्या तक्रारी निरनिराळ्या राज्यांत विखुरल्या होत्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. हे घडले ते तक्रारी नोंदलेल्या होत्या म्हणून. मनातल्या मनात दिलेल्या शिव्याशापांची दखल कोणतेही न्यायालय घेत नाही.

सर आता निवृत्त झाले आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या दिवशीच्या थट्टेबद्दल त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “अरे, ते मी केव्हाच विसरलो.” ते विसरले नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. वहिनींनी चहा ठेवला. मग सरांनी कपाटातून ती वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “आता बघ तरी, व्याजाचा हिशेब कोठे चुकला होता ते.” आम्ही दोघे तो हिशेब करीत दिवेलागणीपर्यंत बसलो होतो.