डासांना रक्त कोण देतं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी ओळख करून देताना कोणी शिक्षक निघाला, कोणी ग्रामसेवक, कोणाचं पेढ्याचं दुकान. माझी पाळी आली आणि "मी प्रयोगशाळेत डास पाळते" म्हटल्यावर मंडपात हशा पिकला. राजूरच्या पावसाळ्यात आपण ज्यांना धूर करून पळवलं, त्यांनाच पगार घेऊन वाढवणारी आपल्या वर्गात निघाली! मग जेवताना तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला, "त्यांना रक्त कोण देतं? तुझाच हात का?" त्याचं उत्तर सगळ्यांसमोर देते.

नर डास रक्त पीतच नाही. मादीचंही रोजचं पोट साखरेच्या पाण्यावर भरतं, पण अंडी घालायला तिला रक्त हवं. म्हणून डासांची पिढी पुढे चालवायची तर रक्त द्यावंच लागतं.

पूर्वी ते थेट अंगावरून दिलं जाई. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले आणि दर डासामागे एक आणा दिला. त्यांतल्याच एका डासाच्या जठरात २० ऑगस्टला रॉसना हिवतापाचा जंतू वाढताना दिसला. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. हुसेन खानला मिळाले ते आणे. पुढेही कितीतरी वर्षं प्रयोगशाळांत माणसाचा हात, नाहीतर ससा किंवा गिनीपिग डासांपुढे धरला जाई.

आता आम्ही वापरतो ते उपकरण साधं आहे. १९६४ साली रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. घंटेच्या आकाराचं, दुहेरी भिंतीचं छोटं काचेचं भांडं. दोन भिंतींमधून गरम पाणी फिरत राहतं, त्यामुळे आतलं रक्त ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाइतकं उबदार राहतं. तळाला मेणकागदासारखा पातळ पडदा ताणून बसवायचा, तीच कातडी. हे भांडं डासांच्या डब्यावरच्या जाळीवर ठेवायचं. माद्यांना काही तास आधीपासून साखर द्यायची नाही आणि खोलीत अंधार करायचा. ऊब लागली की त्या जाळीला चिकटतात, पडद्यात सोंड खुपसतात आणि बघता बघता पोटं लालभडक होतात. एक मादी एका वेळी दोन-तीन मिलिग्रॅम रक्त पिते. ज्या प्यायल्या नाहीत त्या वेचून बाजूला काढायच्या. हे काम डोळ्यांचं आणि धीराचं आहे. भात निवडायची सवय असलेल्या आपल्या मुलींना ते चांगलं जमतं.

हा खटाटोप कशासाठी? नुसते डास जगवायला नव्हे. फाल्सिपेरम हिवतापात गोळ्या घेतल्यावर ताप उतरतो, पण जंतूची नर-मादी रूपं काही दिवस रक्तात राहू शकतात. माणूस ठणठणीत होतो, आवणीला जातो, आणि त्याला चावलेला डास दुसऱ्याच्या घरी हिवताप नेतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती रूपं दिसतात; पण ती डासात जगतील की नाही, हे काचपट्टी सांगत नाही. ते डासालाच विचारावं लागतं. नवं औषध किंवा लस हा पुढचा प्रवास थांबवते का, हेही असंच ठरतं. डासांना रक्त पाजायचं, साधारण आठवडाभर सांभाळायचं, मग जठर उघडून त्यावरच्या जंतूंच्या गाठी मोजायच्या. गाठी दिसाव्यात म्हणून जो रंग घालतो तो मर्क्युरोक्रोम, म्हणजे गुडघा फुटला की सर लावायचे ते लाल औषध!

गोव्यात असं काम झालं आहे. पणजीत १९८० नंतरच्या दशकात बांधकामांबरोबर हिवताप वाढला. साचलेल्या पाण्यात आणि टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्साय हा तिथला मुख्य वाहक. बाहेरच्या पाणवठ्यांतून गोळा केलेल्या अळ्यांपासून हे डास वाढवून, त्यांना व्हायवॅक्स हिवतापाच्या रुग्णांचं रक्त पाजून, जंतू डासात कसा वाढतो याचा तिथला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काचेचं भांडं नसतं, तर तापाने फणफणलेल्या माणसाचा हात डासांपुढे धरावा लागला असता. आता तो थोडं रक्त देतो आणि घरी जाऊन विश्रांती घेतो.

तेव्हा मित्रांनो, माझा हात शाबूत आहे. पण रक्त अजूनही माणसाचंच लागतं. कोणी रुग्ण, कोणी रक्तदाता संमती देतो म्हणून आमचं काम चालतं. हुसेन खानचं नाव तरी उरलं. यांची नावं कुठेच छापली जात नाहीत.

आपल्यातले निम्मे शिक्षक आहेत, म्हणून एक विनंती. व्हायवॅक्स हिवतापाचा जंतू यकृतात दडून बसतो आणि पुन्हा उलटतो. म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवसांच्या दिल्या जातात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पुडी फडताळात जाते. वर्गातलं मूल तापातून उठून शाळेत आलं की एवढंच विचारा, "बाळा, डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या गोळ्या संपवल्यास का?" २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवायचं ठरलं आहे. त्यातलं आमचं काम प्रयोगशाळेत चालू राहील. तुमचं काम हा एक प्रश्न.