रेघेच्या पुढे

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

गोल्फवर बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोल्फची काठी कधी हातातसुद्धा धरलेली नसणार. टीव्हीवर पाहिलं असेल तेवढंच. टोपी घातलेला एक माणूस हिरवळीवर उभा राहतो, काठी फिरवतो, चेंडू दिसेनासा होतो आणि लोक बेताच्या टाळ्या वाजवतात. यात अवघड ते काय, असं मलाही वाटायचं. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, वळतो, उसळतो. विटीदांडूत विटी हवेत असते. इथे चेंडू बिचारा गवतावर स्वस्थ बसलेला. तुम्ही मारेपर्यंत तो जागचा हलत नाही. तरीही तो दर वेळी सारखा लागत नाही, आणि आज मी एवढ्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे.

मी पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. परदेशी पाहुणे आले की त्यांना गोल्फला न्यावं लागे, त्या निमित्तानं वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी काठी हातात घेतली. खेळ खर्चिक आहे, जागा अडवणारा आहे, हे सगळं कबूल. त्यावर वाद घालायचा तर वेगळं भाषण द्यावं लागेल.

चौथ्या वर्षातली गोष्ट. पावसाळा नुकताच संपला होता, गवत वाढलेलं होतं. माझे चेंडू इतके हरवायचे, की मी माझ्या कॅडीला पुढे जाऊन उभं राहायला सांगत असे, म्हणजे चेंडू कुठे पडला ते त्याला दिसेल. कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस. माझे कॅडी साठीचे होते, सगळं मैदान त्यांना मामा म्हणे. खरं तर कॅडीनं खेळणाऱ्याच्या पुढे उभं राहूच नये, हा साधा नियम. तो मी मोडायला लावला. मामा उजव्या अंगाला पंधरावीस पावलांवर होते. मी सात नंबरचं आयर्न फिरवलं. चेंडू काठीच्या पात्याला न लागता, दांडा जिथे पात्यात शिरतो त्या गळ्याला लागला. असा चेंडू पुढे जात नाही, उजवीकडे सणसणत सुटतो. इंग्रजीत याला शँक म्हणतात आणि गोल्फवाले हा शब्द उच्चारायलाही घाबरतात. तो मामांच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

कॅडीला पैसे मिळतात ते फेरीचे. फेरी नाही तर पैसा नाही. दवाखान्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मी दिली, त्यांनी घेतली. त्यात मी काही विशेष केलं नाही. पण मी खेळ सोडायचं ठरवलं. काठ्या परत न्यायला गेलो, तर गळ्यात हात बांधलेले मामा सरावाच्या जागेशी बसलेले.

“साहेब, सोडताय म्हणं?”

“हो मामा. उद्या कुणाच्या डोक्यात बसायचा.”

“मग सोडा. पन तो तसा कशानं गेला ते तरी बघा. माझा हात कशापायी मोडला, ते मला बी कळू द्या की.”

यावर काय बोलणार?

आता थोडं मागे जायला हवं. त्या चार वर्षांत मला दोन दुखणी होती. एक म्हणजे काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसायची. ढेकूळ उडायचं आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसायचा. दुसरं, काठी चेंडूच्या डोक्यावर लागायची आणि चेंडू सशासारखा जमिनीवरून पळायचा. मला वाटे, ही दोन उलट दुखणी आहेत. काठी खाली लागली की पुढच्या वेळी मी अंग वर उचलायचो. वर लागली की पुढच्या वेळी वाकायचो. दर रविवारी नवा सल्ला मिळायचा. डोकं हलवू नका, कोपर ताठ ठेवा, कंबर आधी फिरवा. एका फेरीत मी पाच माणसांच्या सूचना पाळायचा प्रयत्न केला आणि सोमवारी कंबर धरून बसलो.

मामांनी सरावाच्या वाळूच्या खड्ड्यात नेलं आणि डाव्या हातानं, चेंडू ठेवायच्या लाकडी खुंटीनं, वाळूत एक आडवी रेघ मारली. रेघ माझ्या दोन पायांच्या मधोमध. म्हणाले, “चेंडू नाही. नुस्ती काठी फिरवा. वाळू रेघेच्या पुढं उडाली पायजे.” मी उजव्या हाताचा खेळाडू, म्हणजे माझं ‘पुढं’ डावीकडे. दहा वेळा फिरवली. दहाच्या दहा खुणा रेघेच्या मागे! कुठे चार बोटं, कुठे वीतभर.

टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला याची लाज वाटली पाहिजे, आणि वाटली. जॉब मशीनवर चढवण्याआधी आपण शून्य कुठे ते ठरवतो, दर नगाचं माप घेतो, वहीत लिहितो. इथे चार वर्षं मी चेंडू कुठे गेला एवढंच बघत होतो. काठी जमिनीला कुठे भेटते हे एकदाही मोजलं नव्हतं.

काठीचं टोक एका मोठ्या वर्तुळात फिरतं. त्या वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे असेल, तर दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर काठी आधी मातीत जाईल, नाही तर माती चुकवून वर चढता चढता चेंडूच्या डोक्याला लागेल. म्हणजे माझी दोन दुखणी एकच होती. आयर्ननं चांगला फटका बसतो तेव्हा काठी खाली येता येता आधी चेंडूला लागते आणि नंतर, चेंडूच्या पुढे, गवताचा पापुद्रा काढते. मोठ्या स्पर्धा टीव्हीवर लागतील तेव्हा बघा, मातीचा तुकडा चेंडू होता त्या जागेच्या पुढून उडतो. (ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तिथे चेंडू खुंटीवर असतो आणि डाव्या पायाच्या टाचेसमोर ठेवतात.)

मग माझा खालचा बिंदू मागे का? कारण मी चेंडू वर उचलायला बघत होतो. चेंडू हवेत जायला हवा, म्हणून मी मागच्या पायावर रेलायचो आणि मनगटांनी काठी चमच्यासारखी वर काढायचो. पण चेंडू वर नेण्याचं काम पात्याच्या उताराचं असतं. सात नंबरच्या आयर्नला तीस अंशांच्या आसपास उतार असतोच, तो कारखान्यात घडवलेला. माझी मदत कुणी मागितली नव्हती.

उपाय सांगायला सोपा आहे. फटका बसतो त्या क्षणी अंगाचा बराचसा भार डाव्या पायावर आलेला हवा आणि हात काठीच्या पात्याच्या किंचित पुढे हवेत. मामांनी मला महिनाभर पूर्ण फटका मारू दिला नाही. कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, बस्स. काठी चिमणी धरल्यासारखी धरायची, आवळायची नाही. दहा वेळा फिरवायची, रेघेच्या पुढे किती ते मोजायचं. मी वही केली. पहिल्या आठवड्यात दहात दोन. तिसऱ्यात पाच. मग रेघेवर चेंडू आला, आणि पहिल्याच दिवशी आकडा परत दोनवर घसरला. चेंडू दिसला की हात जुन्या सवयीनं उचलायला धावतात. मामा म्हणाले, “चेंडू कुठं पळून चाललाय का?”

शँकचा शोध त्यानंतर लागला. ऑफिसात पांढऱ्या फळ्यावर लिहायचं पेन असतं, त्यानं चेंडूवर ठिपका काढायचा आणि ठिपका पात्याकडे करून मारायचं. चेंडू पात्याला कुठे लागला त्याची खूण उमटते. माझ्या खुणा सगळ्या पात्याच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. खाली येताना माझा तोल पायांच्या बोटांवर जात होता आणि हात अंगापासून लांब. एखादं बोट आणखी सरकलं की गळा! मामांनी चेंडूच्या पलीकडे, दोन बोटांवर, चेंडूंचं रिकामं खोकं ठेवलं. खोक्याला न लागता चेंडू मारायचा. पहिल्या दिवशी चार खोकी फाटली. पण मनगट कशानं मोडलं ते दोघांनाही दिसलं. मामा बराच वेळ खोक्याकडे बघत बसले. म्हणाले, “एवढ्याशानं व्हय.”

एवढंसं खरंच. १९६८ साली इंग्लंडात कॉकरन आणि स्टॉब्स या दोघांनी गोल्फच्या फटक्याच्या शास्त्रीय अभ्यासावर पुस्तक लिहिलं. काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो काळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा, असं त्यात दाखवलं आहे. हाताला फटका जाणवेपर्यंत चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणजे ऐन वेळी सुधारणा करणं माणसाच्या शक्तीबाहेरचं. जे करायचं ते आधी, उभं राहतानाच.

आणि काठी वर कशी फिरते याला लोक उगाच फार महत्त्व देतात, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या बेन होगनचा फटका आदर्श मानतात. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बस धडकली, पुन्हा चालेल की नाही अशी अवस्था होती, आणि १९५० मध्ये तो अमेरिकन ओपन जिंकला. त्याचं देखणं वळण फोटोंतून जगभर गेलं. पण त्याच देशाचा जिम फ्युरिक बघा. त्याची काठी वर जाताना एका वाटेनं जाते आणि खाली येताना दुसऱ्याच वाटेनं. कुठलाही शिक्षक असं शिकवणार नाही. तो २००३ मध्ये अमेरिकन ओपन जिंकला आणि २०१६ मध्ये व्यावसायिक स्पर्धेत अठ्ठावन्न फटक्यांत फेरी पूर्ण केली. दोघांची वळणं निराळी, पण खाली चेंडूपाशी काठी दर वेळी तिथेच येते.

हे मामांना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. सोमवारी सभासदांसाठी मैदान बंद असे, तेव्हा कॅडींना खेळायची मुभा होती. तीस वर्षं सोमवारी खेळून आणि उरलेले दिवस आमच्यासारख्यांचे फटके बघून ते शिकले. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता. १९९१ मध्ये तो इंडियन ओपन जिंकला आणि देशभरच्या कॅडींच्या पोरांनी मान वर केली. मामांचं वय तेव्हा निघून गेलं होतं, हे ते एकदाच बोलले, पिशवी उचलता उचलता.

माझं म्हणाल तर हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, चोविसावरून सतरावर आला. फार नाही. आजही फेरीत दोनचार ससे पळतात. पण शँक वर्षानुवर्षांत झालेला नाही, आणि माझ्या पुढे कुणाला मी उभं राहू देत नाही. घरी गच्चीवर जुनी सतरंजी अंथरून तिच्यावर खडूनं रेघ मारतो आणि आयर्न हळू फिरवतो. काठी सतरंजीला कुठे टेकली ते आवाजावरूनही कळतं. खालच्या मजल्यावरच्यांनाही कळतं, म्हणून सकाळी आठनंतर.

मामांनी पुढे गुडघ्यांमुळे पिशवी वाहणं सोडलं. त्यांच्या मुलाचं मैदानाजवळ चहाचं दुकान आहे, तिथे ते बसतात. गेल्या रविवारी फेरी संपवून गेलो.

“किती?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“दहातले?”

“बारातले.”

“मग तीन मागं ऱ्हायले की,” म्हणाले आणि पोराला चहा टाकायला सांगितला.