नमुना आणि जबाबदारी



बुऱ्हाणपूरच्या राजघाटापाशी तापी वाहते. शहरात यंत्रमाग चालतात. ताण्याचा एक धागा फणीच्या चुकीच्या घरात ओवला गेला, तर ती चूक थानाच्या टोकापर्यंत उतरते. संगणकाच्या आज्ञावलींनाही हाच न्याय लागू पडतो.

आज्ञावलीत बदल होताच तिची बांधणी, चाचणी व वितरण यंत्राने आपोआप करावे, यासाठी टप्प्यांची लेखी यादी लागते. आज्ञावलींचे भांडार सांभाळणाऱ्या गिटहब या सेवेने २०१९ साली ही सोय सर्वांस खुली केली. तेथे तयार आरंभिक नमुनेही मिळतात. त्यांची प्रत घेऊन काम लवकर सुरू होते, हे खरे. परंतु चाचणीच्या जागी प्रत्यक्ष चाचणी लिहिलीच नाही, तरी यंत्र ‘उत्तीर्ण’ असाच शेरा देते. दाखल्यांची वा सातबाराची आज्ञावली अशा नमुन्यावर उभी राहिली, तर एकच दोष गावोगावी पोहोचेल.

म्हणून नमुना करणाऱ्याने मोजकेच टप्पे ठेवावेत, स्थानिक बदलाच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात, परवलीचे शब्द त्यात कदापि लिहू नयेत. आणि मुद्दाम एक चूक घालून यंत्र थांबते की नाही, हे आधी पाहावे. चुकीपाशी थांबणारे यंत्रच विश्वासास पात्र होय.